उर्सुलाची नखं

जोआनाला माणसाचं तोंड लक्षात राहत नसे, नखं राहत. बाजारात कुणी "काय गो, ओळखलं नाय?" म्हणून हाक मारली की ही आधी तिच्या हाताकडे बघायची आणि मग म्हणायची, "ओळखलं की! उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, ते तुमचं." समोरची बाई यावर खूश व्हायची की नाही, हा प्रश्न वेगळा. सांडोर गावातल्या घरापुढच्या पडवीला काचा बसवून तिनं आपलं नेल पार्लर थाटलं होतं, त्याला साडेतीन वर्षं झाली होती, आणि वसईपासून विरारपर्यंतच्या बायका दोन-दोन रिक्षा बदलून तिच्याकडे येत होत्या.

काम ती नेकीनं करायची. नखावर चिकटवायला प्लास्टिकची टिपं मिळतात, त्यांना शून्य ते नऊ असे नंबर असतात. शून्य सगळ्यात रुंद, नऊ अगदी करंगळीपुरतं. जोआना प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड ठेवायची आणि त्यावर दहा बोटांचे दहा नंबर आणि तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. मुलगी भारी काटेकोर होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं जे झालं ते एखाद्या वेंधळ्या पोरीच्या हातून झालं असतं, तर कपाळावर हात मारून माणूस गप्प बसला असता.

तिची आई उर्सुला. तिचे हात म्हणजे वाडीचे हात. घरामागं केळीची वाडी, मधून वांगी, कडेला वालाचे वेल. केळीचा घड उतरवला की दांड्यातून चीक गळतो. ओला असताना पाण्यासारखा दिसतो, म्हणून नवखा माणूस फसतो. वाळला की तो काळा पडतो आणि मग साबण लावा, लिंबू चोळा, रॉकेलनं घासा, तो काही निघत नाही. उर्सुलाच्या नखांत तीस वर्षांचा चीक मुरला होता. तिला त्याची लाज वाटायची, पण ती तसं कुणापाशी बोलत नसे. कोविडनंतर चर्चमध्ये कम्युनियन जिभेवर न देता हातावर द्यायची पद्धत पडली, तेव्हा मात्र तिची पंचाईत झाली. फादरांपुढं तळवा पसरायचा आणि दोन बोटांनी ख्रिस्तप्रसाद उचलून तोंडात घालायचा. वेदीसमोर ती काळी नखं! उर्सुला रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राहू लागली.

जोआनानं ते हेरलं. मंगळवारी पार्लर बंद असायचं. अशाच एका मंगळवारी दुपारी तिनं आईला दिव्याखाली बसवलं.

"मला नको गो ते रंग. म्हातारपणी लोक हसतील."

"छप्पन्नावं काय म्हातारपण आहे का, मम्मी? बस गप."

तिनं आईच्या नखांवर गडद मरून रंगाचं जेल पॉलिश चढवलं. चीक दिसेनासा झाला. पुढच्या रविवारी मिस्सेला उर्सुला रांगेत चौथी होती. लिडियाकाकी, म्हणजे शेजारीण, मागून कुजबुजली, "उर्सुला, बिशपच्या लग्नाला निघालीस काय?" बिशपांचं लग्न होत नसतं, एवढं लिडियाकाकीलाही ठाऊक होतं, पण टोमण्यासाठी तिला सगळं चालायचं. उर्सुला त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होती.

तेव्हापासून मंगळवारची दुपार आईची झाली. नवा रंग, नवी नक्षी, नवं टिप, जे काही शिकायचं ते जोआना आधी आईच्या हातावर करायची, फोटो काढायची आणि आपल्या इन्स्टाच्या पानावर टाकायची. चांगले फोटो छापून तिनं पडवीच्या भिंतीवर ओळीनं लावले. फोटोत फक्त हात असायचे. ते कुणाचे, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसायचं.

पहिल्या सहा महिन्यांत आईच्या अंगठ्याला तीन नंबरचं टिप लागायचं. मग दोन लागू लागलं, नंतर एक. बाकीची बोटंही एकेक नंबर खाली उतरली. जोआनानं प्रत्येक वेळी जुना आकडा खोडून नवा लिहिला, तारखेसकट. "मम्मी, या वयात तुझी नखं वाढायला लागली की काय?" एवढं ती म्हणाली. नखं नुसती रुंद होत नव्हती. ती वरून फुगून टोकाशी खाली वळत होती, पालथ्या चमच्यासारखी. आता या धंद्यात नखाच्या कमानीला फार मान. ती यावी म्हणून पोरी टिपाखाली सळई घालून चिमट्यानं दाबून धरतात, तरी ती मनासारखी बसत नाही. आईच्या हातावर ती आपोआप उमटत होती. जोआनाला तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

"मम्मी, तुझी नखं कसली छान झालीत गं! देवानंच कमान करून पाठवलीत बघ. विरारच्या त्या कोर्सवाल्या मॅडमना पण जमणार नाही."

उर्सुलानं हात दिव्याखाली उलटेपालटे करून पाहिले. "छान झालीत?"

"एकदम झक्कास."

त्या वेळचा फोटो जोआनाच्या पानावर सगळ्यात जास्त गाजला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. जोआनाच्या समोर हात होता, वर दिवा होता, आकडे तिच्याच अक्षरात लिहिलेले होते, आणि तरीही तिला दिसायचं ते दिसलं नाही. तिला फक्त छान दिसलं.

खोकला त्याच वर्षी पावसाळा सरताच सुरू झाला. उर्सुला म्हणे, वाळकी पानं जाळली त्याचा धूर लागला. जोआनाचे वडील इग्नेशियस मात्र ठामपणे म्हणत, "धूर नाय. त्या पोरीच्या नखांची भुकटी. दिवसभर घरात उडते." जोआना मशीन लावून नखं घासायची तेव्हा पांढरी भुकटी उडायची, हे खरं. तिनं भुकटी ओढून घेणारा पंखा आणला. खोकला काही थांबला नाही. नोव्हेंबरात ती आईला पापडी गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी छाती तपासली आणि रक्तातला ऑक्सिजन बघायचा चिमटा उर्सुलाच्या बोटाला लावला. आकडा येईना. दुसऱ्या बोटाला लावला, तिथंही येईना.

"बाई, हे काय लावलंय नखांना?" डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले. "यातून उजेड आत जात नाही. हे सगळं काढून आठवडाभरात परत या. मला आकडा पण घ्यायचाय आणि बोटंही नीट बघायचीयत."

"हो डॉक्टर," जोआना म्हणाली.

खोकल्याचं औषध दिलं. परत येताना रिक्षात तिनं आईच्या हाताकडे पाहिलं. आदल्याच दिवशी चार तास बसून तिनं त्या दहा नखांवर बारीक सोनेरी वेल काढला होता. अकरा दिवसांनी विरारला नेल आर्टची स्पर्धा होती आणि आई तिची हातवाली, म्हणजे नक्षी दाखवायला हात देणारी, होती. "मम्मी, स्पर्धा झाली की काढू. चालेल ना?" उर्सुला म्हणाली, चालेल. पुढच्या चार दिवसांत औषधानं खोकला थोडा बसलाही. स्पर्धेत जोआनाला दुसरं बक्षीस मिळालं. मग नाताळ आला आणि नाताळच्या मिस्सेला उघडी नखं घेऊन जायची उर्सुलाची तयारी नव्हती. मग जानेवारी. नाताळ संपल्यापासून उपवासकाळ लागेपर्यंत आमच्याकडं लग्नांची नुसती झुंबड असते, जोआनाला जेवायला फुरसत नव्हती. मग ईस्टर. दर वेळी जुना रंग उतरवला की त्याच बैठकीत नवा चढायचा, आणि मधली जी पाच-दहा मिनिटं नखं उघडी असायची, तेव्हा जोआनाचं लक्ष पुढच्या रंगात असायचं. तोवर उर्सुला पायवाटेनं वाडीच्या टोकाला जाऊन आली की बांधावर बसू लागली होती. वजन उतरलं होतं. "उपास मानवले तुला," लिडियाकाकी म्हणाली.

जुलैत अश्लेषा आली. नालासोपाऱ्याहून, आचोळ्याची मुलगी, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात छातीच्या विकारांच्या विभागात तंत्रज्ञ होती आणि साखरपुड्यासाठी नखं करायला आली होती. पहिला हात होईस्तोवर ती होणाऱ्या सासूच्या गोष्टी सांगत होती. मग जोआनानं दुसरा हात घेतला तेव्हा ती भिंतीकडे बघत गप्प झाली.

"ताई, हे फोटो एकाच बाईचे आहेत का?"

"हो. माझी आई. आमच्या घरची मॉडेल." जोआना अभिमानानं म्हणाली. "ती शेवटची नखं बघ ना. सगळ्या मुलींना अगदी तसाच शेप हवा असतो."

अश्लेषानं हात सोडवून घेतला आणि उठून फोटोंपाशी गेली. डावीकडून उजवीकडे एकेक फोटो बघत गेली आणि शेवटच्यापाशी थांबली. "आईंना खोकला आहे का?"

जोआनाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "तुला कसं कळलं?"

"धाप लागते?"

"थोडी. का गं?"

अश्लेषा खुर्चीवर येऊन बसली. तिनं दोन्ही हातांची अंगठ्याजवळची बोटं वाकवून नखाला नख लावलं, पाठीला पाठ टेकवावी तसं, आणि दिव्यासमोर धरलं. दोन नखांच्या मुळाशी बारीकशी चौकट दिसत होती, शंकरपाळ्याच्या आकाराची, आणि तिच्यातून पलीकडचा उजेड येत होता. "तुम्ही करून बघा." जोआनानं करून पाहिलं. तिच्याही बोटांमधून उजेड आला. "आता आईंच्या नखांवरचं जेल काढून हेच करा. फट दिसली तर छानच, मी उगाच घाबरवलं म्हणा. नाही दिसली, तर एक दिवसही थांबू नका, छातीचा फोटो काढा. ताई, काही लोकांना जन्मापासून अशी बोटं असतात, त्याला काही होत नाही. पण तुमच्या आईंची अशी नव्हती. भिंतीवर दिसतंय ना. ती नंतर झालीत."

अश्लेषाची उरलेली नखं जोआनानं कशी केली ते तिलाच माहीत. ती गेल्यावर जोआनानं वाडीकडं तोंड करून हाक मारली. उर्सुला ओल्या पायांनी आली. "आज काय मंगळवार हाय?"

"बस, मम्मी. काढायचंय."

अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवायचा, वर चांदीचा कागद गुंडाळायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. दहा बोटांना दहा कागद लावून उर्सुला बसून राहिली. दोनदा खोकली. जोआना समोरच्या स्टुलावर बसून घड्याळ बघत होती आणि मनातल्या मनात ‘आमच्या स्वर्गीय बापा’ ही प्रार्थना म्हणत होती. शेवटपर्यंत पोचायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मग तिनं कागद काढले, जेल खरवडलं, बोटं पुसली. नखं निळसर होती. चिकाचा काळेपणा कुठला आणि हा निळेपणा कुठला, हे तिला आता नीट वेगळं दिसलं. मुळाशी दाबलं तर नख ओल्या मातीवर ठेवल्यासारखं आत बसत होतं.

"आता असं कर." जोआनानं आईची दोन बोटं वाकवून नखाला नख लावलं आणि दिव्यासमोर धरलं.

नखं मुळापासून टोकापर्यंत एकमेकांना चिकटून बसली होती आणि मध्ये उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता. तिनं मधलं बोट लावून पाहिलं, अंगठे लावून पाहिले. दिवा जवळ ओढला. नाहीच.

"हा कुठला खेळ गो?" उर्सुला हसून म्हणाली.

पुढचे अठरा दिवस तपासण्यांत गेले. एक्स-रे, मग सीटी स्कॅन, मग पाठीतून सुई घालून काढलेला तुकडा. शेवटी ज्या मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढं जोआना बसली, त्या मोकळेपणानं बोलणाऱ्या होत्या. उर्सुला बाहेर बाकावर होती, इग्नेशियस फाईलवर शिक्का मारून आणायला गेला होता. खोलीत जोआना एकटीच.

"फुप्फुसाचा कॅन्सर आहे. डाव्या बाजूला सुरुवात झाली, आता उजवीकडे आणि हाडांत पण गेलाय. ऑपरेशनच्या पलीकडे आहे. औषधं देऊ, त्रास कमी होईल. महिने मिळतील, वर्षं मिळतील असं मी सांगणार नाही."

"ती कधी सिगारेट... विडीसुद्धा नाही."

"नाही ओढत त्यांनाही होतो."

"नखांच्या भुकटीनं? माझं पार्लर आहे घरात."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "असं म्हणायला काही आधार नाही. ते मनातून काढून टाका. बोटं कधीपासून अशी झाली, काही अंदाज?"

अंदाज! जोआनानं पिशवीतून आईचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अंगठा, तर्जनी, मधलं, सगळ्यांचे आकडे, खोडलेले आणि नवे, प्रत्येकापुढं तारीख. बाईंनी ते दोनदा वाचलं. एवढी व्यवस्थित नोंद त्यांना कुणा रुग्णाकडून मिळाली नसावी.

"हे कुणी ठेवलं?"

"मी."

"दीड वर्षापूर्वी बदल सुरू झालेला दिसतोय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"तेव्हा आलो असतो तर? किंवा नोव्हेंबरात?" तिनं विचारलं. उत्तर नको असतानाही माणूस विचारतोच.

बाईंनी कार्ड तिच्याकडे सरकवलं. "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. दीड वर्षापूर्वी कदाचित तेवढा भाग कापून काढता आला असता. नोव्हेंबरातही... करण्यासारखं काहीतरी उरलं असतं. आता त्याचा विचार करू नका."

न करायला सांगितला म्हणून विचार थांबत असता तर काय हवं होतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. जोआनानं कार्ड परत पिशवीत घातलं आणि बाहेर आली. बाकावर उर्सुला शेजारच्या बाईला वालाचं बिरडं कसं करायचं ते सांगत होती.

घरी आल्यावर इग्नेशियस पडवीत गेला. त्यानं घासायचं मशीन, भुकटीचा पंखा, दिवा, रंगांच्या बाटल्या, सगळं खताच्या रिकाम्या गोणीत भरलं. भिंतीवरचे फोटो ओरबाडून काढले. जोआना दारात उभी होती.

"तुझ्या भुकटीनं खाल्लं तिला," तो म्हणाला. एरवी हा माणूस पोरीवर आवाजही चढवत नसे. "मी सांगत होतो. पहिल्या दिवसापासून सांगत होतो. माझं कोण ऐकतंय?"

जोआना म्हणू शकली असती, पप्पा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या भुकटीनं नाही झालं. एका वाक्याचं काम. ते तिनं म्हटलं नाही. भुकटीचा आरोप तिच्यावर बसलेला बरा होता, कारण तो खोटा होता. भुकटी कुणाला दिसत नाही, कळत नाही, अजाणतेपणी झालं म्हणून माफीही मिळाली असती. खरी गोष्ट सांगायची तर तिला म्हणावं लागलं असतं की डॉक्टर म्हणाले होते आठवडाभरात या, आणि मी सोनेरी वेल पुसायला नको म्हणून आठ महिने थांबवलं. ते बोलायला तिची जीभ उचलेना. गोणी वाडीच्या टोकाला गेली. दोन दिवसांत गावभर झालं की पोरीच्या केमिकलनं आईचा जीव घेतला. लिडियाकाकी बिरडं घेऊन आली, उर्सुलापाशी बसून रडली आणि जाताना जोआनाशी बोलली नाही.

औषधाचा पहिला हप्ता ऑगस्टात झाला. घरी आल्यावर उर्सुला मागच्या दारी खुर्ची टाकून बसू लागली, तिथून वाडी दिसते म्हणून. एका दुपारी इग्नेशियस घड उतरवायला गेला होता. जोआना आईच्या पायांना तेल लावत होती.

"पप्पांना का नाय सांगितलंस?" उर्सुला म्हणाली.

"काय?"

"भुकटीचं. मी विचारलं त्या डॉक्टरीणबाईला. ती म्हणाली भुकटीचा काय संबंध नाय. मग तू गप का? सगळं गाव तुला बोलतं."

कोंडलेलं होतं ते बाहेर आलं, आणि आलं तेव्हा वाक्यं नीट लागेनात. पापडीचे डॉक्टर, तो चिमटा, आठवडाभरात या म्हणाले होते ते, स्पर्धा, नाताळ, लग्नं. "मी विसरले नव्हते, मम्मी. मला पक्कं आठवत होतं. दर मंगळवारी आठवायचं. मी म्हणायचे, पुढच्या वेळी. मी तुला मारलं, मम्मी. भुकटीनं नाही, मीच मारलं." ती आईच्या पायांवर डोकं टेकून रडली. तेल केसांना लागलं, त्याचं भान नव्हतं.

उर्सुलाला खोकल्याची एक उबळ आली, ती तिनं जाऊ दिली.

"मी पण विसरले नव्हते," ती म्हणाली.

जोआनानं डोकं वर केलं.

"मी पण तिथंच बसले होते ना त्या डॉक्टरपुढं? मला काय ऐकू येत नाय? बोटांची टोकं जड झाली होती, तेव्हापासूनच. वाल सोलताना दाणा हातातून निसटायचा. मला कळत होतं, हे काय बरं लक्षण नाय. माझी मावशी गेली तेव्हा तिची बोटं अशीच झाली होती, मी लहान होते, पण बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" जोआना ओरडलीच. "मम्मी, तू एकदा तरी बोलायचंस ना!"

उर्सुलानं आपले हात मांडीवर पसरले. उघडी, निळसर, फुगलेली नखं. इस्पितळात सक्त सांगितलं होतं, आता रंग लावायचा नाही, नखं दिसली पाहिजेत. कडेला चिकाचा काळेपणा पुन्हा वर आला होता.

"तू म्हणालीस, छान झालीत." ती हळूच म्हणाली, एखादी चूक कबूल करावी तशी. "माझ्या हातांना कोण कधी छान म्हणालं नव्हतं गो. आईनं नाय, तुझ्या पप्पांनी नाय. लग्नात अंगठी घालताना पण लोक हसले होते, बाईचे हात की गड्याचे. तू म्हणालीस आणि त्या मोबाईलवर एवढ्या बायकांनी चांगलं चांगलं लिहिलं. मला वाटलं, बरी करून घेतली आणि बोटं परत पहिल्यासारखी झाली तर? थोडे दिवस राहू दे, मग जाऊ. मग जाऊ, मग जाऊ, करत राहिले."

इतके दिवस जोआना एका गुन्ह्याखाली दबली होती, तो निदान तिच्या ओळखीचा होता. कामाच्या नादात झालेली हयगय, असं त्याला नाव तरी देता येत होतं. आता कळलं की हयगय हा त्यातला लहान भाग होता. आईला इस्पितळाच्या वाटेवरून परत फिरवलं होतं ते तिच्या कौतुकानं. तो एक शब्द तिनं मनापासून, प्रेमानं उच्चारला होता.

"जोआना."

"हं."

"खरं सांग. होती ना छान?"

नाही म्हणावं, असं जोआनाला फार वाटलं. ती रोगाची नखं होती मम्मी, ती घाण होती, मी आंधळी होते. पण आई तिच्या तोंडाकडे बघत होती आणि खोटं बोलायची ती वेळ नव्हती. शिवाय अजूनही, सगळं कळल्यावरही, ती कमान तिच्या डोळ्यांपुढं जशीच्या तशी होती.

"होती, मम्मी. फार छान होती."

उर्सुलानं मान हलवली. मग तिचं लक्ष आपल्या मांडीकडं गेलं. आता त्या नखांवर काही नव्हतं. ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली, परकं काही बघावं तशी.

"पुढच्या मंगळवारी पण नाय लावता येणार?"

"नाही म्हणालेत."

"आणि मग?"

जोआना पुन्हा पायांना तेल लावू लागली. वाडीतून इग्नेशियस घड खांद्यावर घेऊन येत होता आणि त्याच्यामागं फादर येत होते, आजाऱ्याला कम्युनियन द्यायला. हातात ख्रिस्तप्रसादाची डबी, गळ्यात धर्मविधीचा पट्टा. उर्सुलाला ते दिसले. तिनं घाईघाईनं दोन्ही हात उचलले आणि गाऊनच्या खिशांत घातले.

फादर जवळ आले, प्रार्थना झाली. त्यांनी ख्रिस्तप्रसाद पुढं धरला आणि ते थांबले. उर्सुलानं हात बाहेर काढले नाहीत. तिनं तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले.